‘प्रभाव’ लिहिण्याआधी : ट्वायलाइट, फोर्क्स आणि एक सोनेरी कांदा

मागच्या महिन्यात एका मुलीने तिचा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. पेट पास झाली आहे, मुलाखत तोंडावर आलीय, ‘ताई, एकदा नजर टाका’ एवढंच म्हणणं. शीर्षक होतं, ‘व्हॅम्पायर प्रेमपटांचा किशोरवयीन मुलींवरील सांस्कृतिक प्रभाव : एक अभ्यास’. खाली चार उद्दिष्टं, तीन गृहीतकं. तिसरं गृहीतक असं की या चित्रपटांमुळे मुलींच्या प्रेमाविषयीच्या कल्पना बदलल्या. पद्धत : शंभर मुली, एक प्रश्नावली, टक्केवारी.

मी वनस्पतिशास्त्रातली. माझा दिवस गव्हाची रोपं, मीठ आणि मुळं यांत जातो. दुसऱ्याच्या विषयात नाक खुपसायचं काही कारण नव्हतं. पण दोन गोष्टींमुळे मी त्या चार पानांवर आठवडा घालवला. एक म्हणजे शीर्षकातला ‘प्रभाव’ हा शब्द. याच शब्दाने पहिल्या वर्षी मला चांगलंच तोंडघशी पाडलं होतं, ते पुढे सांगते. दुसरं कारण, ट्वायलाइट हा माझा जुना, लपवून ठेवलेला जिव्हाळ्याचा विषय आहे. २०१० च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी आठवीत असताना, पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या मावसबहिणीच्या लॅपटॉपवर आम्ही तो पहिल्यांदा पाहिला. आवाज बारीक करून, कारण बाहेरच्या खोलीत आजोबा होते. पुढे कॉलेजात कुणी विचारलं की मी ‘छे, असलं काही मी बघत नाही’ म्हणायचे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टेफनी मेयरची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ ची. तिच्यावर आणि पुढच्या तीन कादंबऱ्यांवर २००८ ते २०१२ या काळात पाच चित्रपट आले. सतरा वर्षांची बेला स्वान वडिलांकडे फोर्क्स नावाच्या सतत पाऊस पडणाऱ्या छोट्या गावात राहायला येते. वर्गात तिच्या शेजारी बसणारा एडवर्ड कलन गेली कित्येक दशकं सतराच वर्षांचा आहे, कारण तो व्हॅम्पायर आहे. त्याचं कुटुंब माणसांऐवजी जनावरांच्या रक्तावर भागवतं. तिसरा कोन म्हणजे जेकब ब्लॅक, जवळच्या क्विल्यूट जमातीचा मुलगा, जो लांडगा होऊ शकतो.

पहिला चित्रपट कॅथरिन हार्डविकचा, आणि माझ्या मते पाचांत तोच एक खरा चित्रपट आहे. सगळं गाव निळसर हिरव्या रंगात भिजलेलं, दुपारसुद्धा संध्याकाळसारखी. बेला वर्गात येते, पंख्याच्या झोतातून जाते आणि तिचा वास एडवर्डपर्यंत पोचतो, तो नाकातोंडावर हात दाबून धरतो. त्याच्या मागे फळीवर पेंढा भरलेलं पांढरं घुबड पंख पसरून बसलंय, त्यामुळे क्षणभर पंख त्यालाच फुटल्यासारखे दिसतात. हे बघून हसू येतं, आणि यायलाही हवं. पण एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला आपल्याकडे कुणीतरी बघतंय हे जेवढं प्रचंड वाटतं, तेवढंच प्रचंड ते पडद्यावर दाखवायची हिंमत या बाईने केली. पुढच्या चार चित्रपटांत पैसा वाढला, लांडगे वाढले आणि हा वेडेपणा नाहीसा झाला. अपवाद एकच. दुसऱ्या चित्रपटात बेला खिडकीशी खुर्चीत बसून आहे, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो, प्रत्येक फेरीला महिना बदलतो आणि ती हललेली नसते.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग मात्र जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलचा. कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइड्स, पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखायच्या, आणि जिंकेल त्या जोडीला बक्षीस म्हणून सोनेरी कांदा! बेला म्हणते प्रोफेज, एडवर्ड खात्री करून घेतो. मग अॅनाफेज, मग मेटाफेज. एकेक नजर, एकेक उत्तर. बी.एस्सी. केलेल्यांनी हे बघून कपाळावर हात मारला असेल. आपण बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवून मुळं वाढवली, सकाळी ठरावीक वेळेला कापली, अॅसिटोकारमाइनमध्ये ठेवली, टिपकागदाखाली अंगठ्याने दाबली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं काय? बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये निवांत. एक धड अॅनाफेज सापडायला अर्धा तास.

या प्रॅक्टिकलमधली खरी गंमत आपल्याला तेव्हा कुणी सांगत नाही. स्लाइडवरच्या पेशी मेलेल्या असतात. एकही पेशी आपल्या डोळ्यांदेखत विभागली जात नाही. निरनिराळ्या क्षणी थांबलेल्या पेशी बघून आपण त्यांचा क्रम लावतो. तो क्रम बरोबर आहे असं म्हणायला स्लाइड पुरत नाही, त्यासाठी जिवंत पेशी बघितलेला कुणीतरी लागतो. सांस्कृतिक प्रभावाचे बहुतेक दावे असेच थांबलेल्या पेशींवर उभे असतात. चित्रपट आला, नंतर असं असं दिसलं, म्हणजे चित्रपटामुळे झालं.

सगळ्यात लोकप्रिय दावा घ्या : ट्वायलाइटमुळे अमेरिकेत मुलींची नावं इझाबेला ठेवायची लाट आली. बेलाचं पूर्ण नाव इझाबेला, आणि तिथल्या सोशल सिक्युरिटी प्रशासनाच्या यादीत २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी मुलींच्या नावांत इझाबेला पहिल्या क्रमांकावर. चित्रपट नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला. झालं की सिद्ध! पण तीच यादी मागे सरकवून बघा. इझाबेला २००४ मध्येच पहिल्या दहांत होतं, म्हणजे कादंबरी छापली जाण्याच्या आदल्या वर्षी. त्याआधी दहाएक वर्षं ते वर चढतच होतं. २००८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर होतं. दुसऱ्यावरून पहिल्यावर जाणाऱ्या नावाला चित्रपटाचा धक्का लागला असेलही, पण तो आधीच्या चढापासून वेगळा कसा काढणार? जेकबची तर आणखी मजा. मुलांच्या यादीत ते नाव १९९९ पासून सलग पहिलं होतं. मग लेखिकेने आपल्या पात्रांना तेव्हा चालू असलेलीच नावं दिली, असा उलटा बाणही तितकाच खरा वाटतो.

आता ‘कलन’ हे नाव बघा. हे मुळात आडनाव, मुलाचं नाव म्हणून क्वचित दिसणारं. २००९ च्या यादीत मुलांच्या नावांत सगळ्यात मोठी उडी कलनने मारली. आकडा लहान, इझाबेलापुढे काहीच नाही. पण पुरावा म्हणून मी इझाबेलाऐवजी कलनवर पैज लावेन. आधीचा चढ नाही, दुसरं ठळक कारण नाही, आणि वेळ जुळते. मोठ्या आकड्यापेक्षा स्वच्छ आकडा कामाचा. तरीही एक खोच उरतेच : चौथी कादंबरी ऑगस्ट २००८ ची, चित्रपट तीन महिन्यांनी. कलन पुस्तकातून पाळण्यात गेला की पडद्यावरून, हे या यादीवरून सांगता येणार नाही. तुमच्या शीर्षकात ‘चित्रपटांचा प्रभाव’ असेल तर ही खोच तुमच्याच गळ्यात पडते.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी संशोधन सल्लागार समितीपुढे मी तोऱ्यात सांगितलं की मिठाचं पाणी घातल्यावर रोपांच्या मुळांची वाढ मंदावली. आधीचं मोजमाप, नंतरचं मोजमाप, रंगीत आलेख. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘त्याच आठवड्यात मीठ न घातलेली रोपं किती वाढली?’ माझ्याकडे तशी रोपंच नव्हती. कुंड्या कमी होत्या म्हणून सगळ्यांना मीठ घातलं होतं. त्या आठवड्यात थंडीही पडली होती. म्हणजे मी मिठाचा प्रभाव मोजला की थंडीचा, देव जाणे. पाच महिन्यांचं काम गेलं. तेव्हापासून ‘मुळे’ आणि ‘प्रभाव’ हे शब्द लिहिताना माझा हात अडतो.

साम्य दिसलं की वंशज ठरवायची घाई हीसुद्धा याच जातीची चूक. ट्वायलाइटनंतर व्हॅम्पायरांची लाट आली म्हणतात. ‘ट्रू ब्लड’ ही मालिका सप्टेंबर २००८ ची, चित्रपटाच्या दोन महिने आधीची. ‘द व्हॅम्पायर डायरीज’ची पुस्तकं १९९१ पासूनची, मालिका मात्र २००९ ची. म्हणजे काही भावंडं, काही चुलत भावंडं. याउलट आपल्या स्टार वनवर ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालेली ‘प्यार की ये एक कहानी’ घ्या. कॉलेजात नवीन आलेली पिया, गप्प आणि अंतर राखणारा अभय, माणसांत मिसळून राहणारं त्याचं व्हॅम्पायर कुटुंब. एवढे सांधे एकत्र जुळले की नातं नाकारणं अवघड. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’चं तर सरळच आहे : ती आधी ट्वायलाइटवर बेतलेली चाहतीची कथा म्हणून इंटरनेटवर आली, मग नावं बदलून पुस्तक झाली.

आणि ते ‘खरे व्हॅम्पायर उन्हात जळतात, हे चकाकतात कसले’ म्हणणारे! ब्रॅम स्टोकरचा १८९७ चा ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनमध्ये फिरतो. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर रूढ केला तो १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाने. म्हणजे परंपरा म्हणून ज्याचा अभिमान सांगितला जातो तोही एका चित्रपटाचा प्रभावच. तो मुलींना आवडणारा चित्रपट नव्हता, म्हणून त्याची कुणी चेष्टा केली नाही.

मग प्रभाव कुठे दाखवता येतो? फोर्क्स या गावात. वॉशिंग्टन राज्याच्या टोकाला, साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती, लाकूडतोडीवर जगणारं. १९९० मध्ये ठिपकेवाल्या घुबडाच्या एका उपजातीला कायद्याचं संरक्षण मिळालं, जुन्या जंगलातली तोड आवळली गेली आणि अशा गावांचा कणा मोडला. (पहिल्या चित्रपटातलं घुबड वेगळं, पण मला तो योगायोग विसरता येत नाही.) मेयरने लिहायला घेतलं तेव्हा हे गाव पाहिलंसुद्धा नव्हतं. अमेरिकेत भरपूर पाऊस कुठे पडतो ते इंटरनेटवर शोधून तिने ते निवडलं. पहिल्या चित्रपटाचं बहुतेक चित्रीकरण शेजारच्या ओरेगन राज्यात झालं. आणि तरी २०१० मध्ये या गावच्या पर्यटक केंद्रात नोंद झालेल्या पाहुण्यांचा आकडा सत्तर हजारांच्या वर गेला. केंद्राबाहेर बेलाच्या ट्रकसारखा जुना लाल ट्रक उभा केलेला आहे, दर सप्टेंबरला बेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास उत्सव भरतो.

इथे प्रभाव म्हणायला मी तयार आहे, आणि आकडा मोठा आहे एवढ्यासाठी नाही. दुवा डोळ्यांना दिसतो. येणारा माणूस स्वतः सांगतो की मी कशासाठी आलो, बेलाचं घर कुठे आहे. ही जिवंत पेशी आहे.

पण प्रभाव सगळ्यांना सारखा पडत नाही, आणि पुष्कळ लेख फोर्क्सवरच थांबतात. जवळच समुद्रकाठी ला पुश आहे, खऱ्या क्विल्यूट जमातीचं गाव, जेमतेम एक चौरस मैलाची राखीव जमीन. लांडग्यापासून आपली उत्पत्ती झाली ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. ती उचलून व्हॅम्पायरांशी वैर असलेले मानवी लांडगे बनवले गेले, तेही जमातीला न विचारता. कायद्याच्या प्राध्यापक अँजेला रायली यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये नेमकं हेच मांडलं : क्विल्यूट नावावर माल विकला जातो, जमातीच्या हातात काही पडत नाही. सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीबरोबर एक संकेतस्थळ केलं, खरे क्विल्यूट आणि चित्रपटातले क्विल्यूट यांतला फरक सांगणारं. त्यांची शाळा त्सुनामीच्या पट्ट्यात, अगदी समुद्राला लागून होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये कायदा होऊन त्यांना उंचावरची सुमारे ७८५ एकर जमीन मिळाली. ट्वायलाइटमुळे मिळाली म्हणावं? मोह होतो. पण जमात त्यासाठी कैक वर्षं झगडत होती, आणि तिचे कष्ट एका चित्रपटाच्या खात्यात टाकायला माझं मन घेत नाही. लोकांचं लक्ष वळलं, एवढं म्हणता येईल.

स्टुडिओच्या जगातला प्रभावही असाच वाकडा. पॅरामाउंटकडे हक्क होते, त्यांनी सोडून दिले. समिट या लहान कंपनीने सुमारे ३.७ कोटी डॉलरमध्ये चित्रपट केला, पहिल्या तीन दिवसांतच त्याच्या दीडपटीहून जास्त वसूल. त्या वेळी बाई दिग्दर्शक असलेल्या चित्रपटाची ती सर्वांत मोठी सुरुवात होती. मुलीसुद्धा तिकीट काढतात हा शोध हॉलिवूडला लागला! मग पुढचे चार चित्रपट कुणाकडे गेले? वाइट्झ, स्लेड, कॉन्डन. तिन्ही पुरुष.

आता त्या मुलीच्या तिसऱ्या गृहीतकाकडे येते : मुलींच्या मनावर काय झालं? टीका सगळ्यांना ठाऊक आहे. एडवर्ड न विचारता बेलाच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघत बसतो. तिसऱ्या चित्रपटात ती जेकबकडे जाऊ नये म्हणून तिचा ट्रकच बंद पाडतो. हे नियंत्रण आहे आणि चित्रपट त्याला काळजी म्हणतो. ही टीका मला मान्य आहे, तेराव्या वर्षी मला हे खटकलं नव्हतं हेही मान्य आहे. पण हे वाक्य चित्रपटाबद्दल आहे. मुलींबद्दल नाही. पडद्यावर काय आहे ते बघून बघणारीच्या डोक्यात काय झालं ते सांगणं म्हणजे बाटलीवरचं लेबल वाचून रक्ताचा रिपोर्ट लिहिणं. आम्ही दोघी बहिणी ट्रकच्या प्रसंगाला काय करत होतो माहीत आहे? खिदळत होतो. आणि पुन्हा मागे घेऊन बघतही होतो. दोन्ही एकदम. प्रश्नावलीत ‘सहमत / असहमत’ यांपैकी कुठे खूण केली असती, मला आजही सांगता येत नाही.

डोक्यात काय होतं ते मोजायचा एक प्रयत्न मात्र वाचण्यासारखा आहे. शिरा गेब्रिएल आणि एरियाना यंग या बफेलो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा निबंध २०११ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये आला. १४० विद्यार्थी. अर्ध्यांना ट्वायलाइटमधला उतारा अर्धा तास वाचायला दिला, अर्ध्यांना हॅरी पॉटरमधला. मग शब्दांच्या जोड्या लावायच्या वेगावरून ‘मी’ हा शब्द कशाशी पटकन जुळतो ते मोजलं, आणि तुमचे दात किती टोकदार आहेत असले प्रश्न साळसूदपणे विचारले. ट्वायलाइट वाचलेले नकळत व्हॅम्पायरांच्या बाजूला झुकले, पॉटर वाचलेले जादूगारांच्या.

आमच्या जर्नल क्लबमध्ये मी हा निबंध मांडला तेव्हा दात शब्दाला हशा पिकला आणि एका सीनियरने ‘यालाही ग्रँट मिळते?’ म्हणून घेतलं. मला राग आला तो त्यांनी रचना बघितली नाही याचा. दोन्ही गट वाचतात, दोन्ही अद्भुत वाचतात, दोन्ही लोकप्रिय वाचतात. एक गट दुसऱ्याचा कंट्रोल आहे. माझ्याकडे नसलेली ती मीठ न घातलेली रोपं इथे आहेत. मर्यादाही उघड आहेत : परिणाम वाचल्यावर लगेच मोजला, तो पंधरा दिवसांनी उरतो का हे त्यातून कळत नाही, वाचणारे सगळे अमेरिकी विद्यार्थी, आणि त्यांनी वाचलं होतं, चित्रपट पाहिला नव्हता. त्याच नियतकालिकात त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन यांचा तो गाजलेला निबंधही आला, माहिती गोळा करताना थोडी सैल सूट घेतली तर खोटा निकालसुद्धा किती सहज ‘सिद्ध’ होतो हे दाखवणारा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पेटच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या गाइडपेक्षा जास्त पदरात पडेल.

त्या मुलीला मी काय लिहिलं? ‘प्रभाव’ काढ, किंवा ठेवायचा असेल तर तुलना दे. शंभर मुलींना ‘तुमच्यावर प्रभाव पडला का’ विचारून प्रभाव मिळत नाही, स्वतःबद्दलचं त्यांचं मत मिळतं. ते मत हाच विषय करता येईल, आणि मला तो जास्त आवडेल. तेव्हा पाहिलेल्या आणि आज पंचविशी-तिशीत असलेल्या मुली तो चित्रपट कसा आठवतात, कुणापासून लपवला, कशाला हसल्या. वीस जणींशी नीट बोललीस तरी पुष्कळ. माझी मावसबहीण तयार आहे, मी विचारून ठेवलंय. तिने फक्त एक अट घातली, तिच्या सासरी कळता कामा नये.

आठ दिवसांनी उत्तर आलं. शीर्षक बदललं होतं, गृहीतकं उडवली होती. मुलाखतीत कुणी विचारलं की असल्या चित्रपटांवर पीएच.डी. कशाला, तर काय सांगू, असं तिने शेवटी विचारलं होतं. मी तिला फोर्क्स आणि ला पुशचा नकाशा पाठवला, आणि कलनचा आकडा.